हंगामाच्या आधीचं लोखंड

गणपती विसर्जन झालं की कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात आमच्या बोळाचा आवाज बदलतो. वर्षभर इथं सीएनसी मशिनांची एकसुरी घरघर असते, फौंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगच्या गाड्यांची ये-जा असते, ग्राइंडरचा चरचराट असतो. भाद्रपद उतरू लागला की त्यात घणाचे ठोके मिसळायला लागतात. करवीर, पन्हाळा, कागलकडचे टेम्पो दारात येऊन थांबतात. कुणाच्या गाडीत उसाच्या चरकाचे रोलर असतात, कुणी झिजलेली बुशं पोत्यात बांधून आणलेली असतात आणि एखाद्या हौद्यात सपाट मावत नाही म्हणून तिरकी उभी करून दोरानं आवळलेली काहील असते. दिवाळीच्या सुमाराला गुऱ्हाळ सुरू करायचं असतं. एकदा चुलवाण पेटलं की पुढचे चार-पाच महिने कुणाला थांबायला सवड नसते. त्यामुळं वर्षाची सगळी डागडुजी या मधल्या दिवसांतच उरकावी लागते.

गुऱ्हाळं आता पूर्वीइतकी राहिली नाहीत. ऊस कारखान्याला घालणं सोपं, आणि गुऱ्हाळावर राबणारी माणसं मिळवणं अवघड. तरी कोल्हापूरच्या गुळाचं नाव अजून आहे. शाहू महाराजांनी वसवलेल्या शाहूपुरीतल्या पेठेनं ते नाव देशभर नेलं, आणि २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या ढेपेमागं जी यंत्रं आणि भांडी आहेत, त्यांच्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. मी त्यांच्याच सहवासात वाढलो. आजोबांनी सुरू केलेलं वर्कशॉप आबांनी चालवलं आणि आता मी चालवतो. आमचं रोजचं पोट दुसऱ्या कामांवर भरतं. पण वर्षातले हे दिवस मला सगळ्यांत जवळचे वाटतात, कारण या दिवसांत नवं काही बनवायचं नसतं. जे आहे ते आधी नीट समजून घ्यायचं असतं.

चरकाचे रोलर ज्या लेथवर चढतात तो लेथ विलायती आहे. त्याची नावाची पाटी केव्हाच गेली. मूळचा तो छतालगतच्या शाफ्टवरून चामडी पट्ट्यानं चालायचा. आबांनी त्याला स्वतंत्र मोटर बसवली, पण पायऱ्या-पायऱ्यांची जुनी पुली तशीच ठेवली. बेडमध्ये चकाच्या पुढ्यात खाच आहे, त्यामुळं एरवी न बसणारा मोठ्या व्यासाचा जॉब तिथं फिरतो. वजनाला तो इतका आहे की भंगारवाला दारावरून जाताना त्याच्याकडे एकदा बघितल्याशिवाय पुढं जात नाही.

असा लेथ सगळीकडे सारखा झिजत नाही. बहुतेक कामं आखूड असतात आणि चकाजवळ होतात, म्हणून हत्यार धरून सरकणारं सॅडल वर्षानुवर्षं तेवढ्याच हातभर पट्ट्यात पुढं-मागं करतं. टेलस्टॉकच्या बाजूचा बेड बघाल तर पन्नास वर्षांनीही त्यावर कारखान्यातल्या हाताच्या खुणा दिसतात. चकाजवळ मात्र बोट फिरवलं की कडेला पायरी लागते. झीज ओळखायची साधी रीत आहे. चकाजवळ सॅडलच्या गिब आवळून ते अंगासरशी सरकेल असं करायचं आणि मग टेलस्टॉककडे न्यायला लागायचं. झिजलेल्या बेडवर ते वाटेतच अडतं. तिथं सैल केलं तर इकडं खुळखुळतं. मशीन कुठं राबलं, किती राबलं, मालकानं त्याला तेल घातलं की नाही, हे सगळं त्या सरकण्यात कळतं.

पण मशीन आलं की लगेच स्क्रेपर हातात घ्यायचा नाही. आमचे मेस्त्री आधी जमिनीकडे बघतात. आबांच्या वेळेपासून ते आमच्याकडे आहेत, आणि मी ज्यांच्याकडून शिकलो त्यांत त्यांचा नंबर आबांच्याही वरचा. कोण कुठून 'लेथ टेपर काढतोय' म्हणून सांगत आलं, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "पाव्हणं, पाण्याची पातळी लावून बघितली काय?" लांब बेडचा एक पाय खचला की कास्ट आयर्नचा एवढा जाड बेडसुद्धा पिळतो. पीळ डोळ्यांना दिसत नाही, पण लांब दांडा कातला की एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक निघतो. बारीक लेव्हल बेडवर आडवी ठेवायची, या टोकाला आणि त्या टोकाला बुडबुडा एकाच जागी येईतो पायाखाली पातळ पट्ट्या सारायच्या. अर्ध्या दिवसाचं काम. झिजला म्हणून मोडीत काढायला निघालेले कितीतरी लेथ फक्त पिळलेले असतात. दुरुस्तीतली पहिली अक्कल हीच, असं मी मानतो: बिघाड जिथं दिसतो तिथंच असतो असं नाही.

मग नट आणि स्क्रू. क्रॉस स्लाइडची मूठ उलटी फिरवली की थोडा वेळ काही हलत नाही आणि मग स्लाइड निघते. हा जो रिकामा फेर, त्याला सगळे बॅकलॅश म्हणतात आणि सगळे त्याला शिव्या घालतात. मला त्यात जुन्या कारागिरांचं शहाणपण दिसतं. स्क्रू पोलादाचा, कातायला महाग. नट गनमेटलचा. तांबं, कथील आणि थोडं जस्त यांचा हा मिश्रधातू पोलादापुढं मऊ असतो, म्हणून झिजायचं ते नटानं. मशीन बनवणाऱ्यानं कागदावर रेघ ओढतानाच ठरवून ठेवलं होतं की पुढं कधीतरी कुणीतरी हे उघडेल, आणि त्या माणसाला स्वस्तातला भाग बदलून भागलं पाहिजे. आपल्याला कधीच न भेटणाऱ्या दुरुस्तीवाल्याचा हा विचार करणं मला फार मोठं वाटतं. चरकातही तेच आहे. रोलरच्या शाफ्टखाली गनमेटलची बुशं असतात. ती हंगामाला खातात, पण शाफ्ट वाचवतात. बुश आमच्याच गावात ओतून मिळतं, आम्ही ते कातून, तेलाचे चर पाडून बसवतो. आजकालची कितीतरी यंत्रं अशी येतात की एक बेअरिंग गेलं तर अख्खा संच बदलायचा. तिथं बनवणाऱ्यानं पुढच्या माणसाचा विचार केलेला नसतो, आणि तो केलेला नाही हे मला लबाडीचं वाटतं.

स्क्रेपिंगचं काम आता थोड्याच ठिकाणी उरलंय. मेस्त्री ते जुन्या कानशीपासून केलेल्या स्क्रेपरनं करतात. कानशीचे दाते घासून काढलेले, टोकाला किंचित गोलाई, आणि धार अशी की नखावर टेकवली तरी सरकत नाही. सरळ असल्याची खात्री असलेल्या पट्टीला निळा रंग अगदी पुसट लावायचा, इतका पुसट की पट्टी निळी न दिसता नुसती मळकट वाटावी. ती बेडवर थोडी घासायची आणि उचलायची. जिथं उंचवटा तिथं निळा ठिपका उमटतो. तेवढाच ठिपका खरवडायचा. एका ओढीत निघतं ते काही मायक्रॉन. बोटावर घेतलं तर काळसर धूळ. पुन्हा रंग, पुन्हा पट्टी, पुन्हा ठिपके. सुरुवातीला दोन-चार मोठे डाग असतात. हळूहळू ते फुटतात, पसरतात, बारीक होतात. साध्या सरकपट्टीला चौरस इंचात दहा-बारा ठिपके आले की चालतं; बारीक कामाला वीसच्या घरात हवेत. ठिपक्यांच्या मधल्या खोलगट जागा वाया जात नाहीत, तिथं तेल साठतं. त्यामुळं हातानं खरवडलेला बेड आरशागत गुळगुळीत नसतो आणि तसा असूही नये.

मेस्त्रींच्या हातचं हे काम बघताना मला नेहमी तीन पाट्यांची गोष्ट आठवते. सपाट पृष्ठभाग हवा, पण ताडून बघायला सपाट असं काहीच हाताशी नाही, तर पहिला सपाट पृष्ठभाग आणायचा कुठून? दोन पाट्या एकमेकींवर घासून, उंचवटे खरवडत गेलं, तर त्या शेवटी एकमेकींना तंतोतंत जुळतात. पण जुळल्या म्हणजे सपाट झाल्या असं नाही. एक फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट असली तरी त्या जुळतातच. तिसरी पाटी आणली की खोटं उघडं पडतं. पहिली दुसरीला, दुसरी तिसरीला आणि तिसरी पहिलीला जुळली पाहिजे, आणि असं तेव्हाच होतं जेव्हा तिन्ही सपाट असतात. लंडनमध्ये हेन्री मॉडस्लेच्या कारखान्यात शिकलेल्या जोसेफ व्हिटवर्थनं १८४० साली ही रीत विद्वानांच्या सभेपुढं मांडली, आणि पृष्ठभाग घासून सपाट करण्यापेक्षा खरवडून करावेत हा आग्रह धरला. पुढच्याच वर्षी त्यानं स्क्रूच्या आट्यांचं प्रमाण सुचवलं, ५५ अंशांच्या कोनाचं. आमच्या लेथवरचे कितीतरी बोल्ट अजून त्याच आट्यांचे आहेत. मला या तीन पाट्यांमध्ये अचूकपणाची सगळी मुळं दिसतात. कुठलंही मोजमापाचं यंत्र हाती नसताना, फक्त निळा रंग, स्क्रेपर आणि धीर यांच्या बळावर माणसानं सपाटपणा मिळवला.

आट्यांवरून आठवलं. आमच्या लेथचा लीड स्क्रू इंचाला चार आट्यांचा. देशात १९५६ च्या कायद्यानं मेट्रिक मापं आली, हळूहळू सगळी कामं मिलिमीटरमध्ये येऊ लागली, आणि लेथ मात्र इंचातच राहिला. त्यावरचा उपाय म्हणजे १२७ दात्यांचा एक गिअर. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याची पाचपट १२७. हा गिअर बदलायच्या गिअरांच्या साखळीत घातला की इंची लीड स्क्रूवरही मेट्रिक आटे अगदी बरोबर पडतात, अंदाजे नव्हे. ज्या दिवशी आबांनी मला पाटीवर खडूनं हा हिशेब मांडून दाखवला, त्या दिवशी अपूर्णांक मला पहिल्यांदा खरे वाटले. शाळेत ते नुसते उत्तराचे होते. इथं त्यांना दाते होते.

कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात ही यंत्रं कशी रुजली, याचं मला नेहमी कौतुक वाटत आलंय. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, आणि पुढं १९१० साली औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगर, कडबा कापायची यंत्रं, उसाचे चरक, पंप अशी शेतकऱ्याच्या उपयोगाची यंत्रं तिथं घडू लागली. लोखंडाच्या नांगरानं जमीन नासेल, असं तेव्हा शेतकऱ्यांना वाटायचं. तो नांगर विकायला किर्लोस्करांना चिकाटी धरावी लागली. इकडं कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांना बरोबर घेऊन चित्रपटाचा कॅमेरा स्वतः बनवला, आणि १९२० साली आलेला 'सैरंध्री' त्यातून उभा राहिला. पडदे रंगवणारा माणूस धातूचे बारीक भाग घडवायला बसतो, ही गोष्ट इथल्या हवेत काही वेगळी वाटत नव्हती, असं मला दिसतं. दुसऱ्याचं यंत्र उघडून बघायचं, समजून घ्यायचं आणि आपल्या हातानं पुन्हा करायचं, ही इथली शिकण्याची रीत होती. ज्याला आपण आज दुरुस्ती म्हणून खालच्या पायरीवर बसवतो, त्या कामातूनच इथले कारखाने निघाले. माझ्या मते ही गोष्ट कोल्हापूरनं विसरता कामा नये.

आता काहील.

लेथच्या कामात मोजमाप आहे. काहिलीच्या कामात ते नाही म्हटलं तरी चालेल. आठ-नऊ फुटांचं उथळ भांडं. पूर्वी पत्र्याचे तुकडे रिबिटांनी जोडून करत, आता वेल्डिंग करतात. त्यात रस उकळतो, मळी वर येते, ती काढतात, भेंडीचं पाणी घालतात, आणि शेवटी पाक ११८ अंशांच्या आसपास पोचतो. हे गुळव्या पाण्यात थेंब टाकून, त्याची गोळी वळून ठरवतो. त्या शेवटच्या काही मिनिटांत तळाला कुठं खोलगट जागा असेल तर पाक तिथं बसतो आणि करपतो. फावड्याचं टोक तिथं पोचत नाही. अख्ख्या आदणाचा रंग जातो. पिवळ्याजर्द ढेपेचा आणि काळपट ढेपेचा भाव एक नसतो, म्हणून तळाचा खड्डा शेतकऱ्याला लगेच पैशात कळतो.

खड्डे का पडतात? वर्षानुवर्षं खालून जाळ, वरून रस. तळ तापतो, प्रसरण पावू बघतो, पण थंड काठ त्याला बाहेर सरकू देत नाहीत. मग तो जागच्या जागी चेपला जातो, निवला की ताणला जातो. असं पुन्हा पुन्हा झालं की तळाच्या पत्र्याला जागेपेक्षा जास्त अंग होतं आणि तो भाजलेल्या पापडासारखा कुठं फुगतो, कुठं बसतो. वरून पायानं दाबला की 'डब' आवाज करून उलटा होतो, पाय काढला की पुन्हा 'डब'. अशा पत्र्याला कितीही ठोकलं तरी तो सरळ होत नाही. उलट जेवढं ठोकाल तेवढा तो ताणतो आणि डबडब वाढते. नवशिका माणूस इथंच जोर लावतो.

मेस्त्री आधी फक्त हात फिरवतात. तळहाताखाली पातळ सुती फडकं घेतात. उघडा हात पत्र्याला चिकटतो आणि त्या चिकटण्यातच उंचसखल हरवतं, फडक्यासकट हात सरकत जातो आणि सांगतो. ते डोळे मिटत नाहीत, पण पत्र्याकडे बघतही नाहीत. दारातून बाहेर कुठंतरी नजर असते. फुगा सापडला की खडूनं त्याभोवती गोल, आणि गोलाच्या मधोमध फुली. एका फुग्यात दोन-तीन फुल्या, कधी जास्त. मग गॅसची ज्योत. फुलीच्या जागी रुपयाएवढा ठिपका लालभडक होईतो तापवायचा, एवढाच, त्यापेक्षा मोठा नाही. लाल ठिपक्याला फुगायचं असतं, पण भोवतीचा थंड पत्रा त्याला जागा देत नाही. तो जागच्या जागी जाड होतो. तेवढ्यात हातोडीनं त्याच्या कडेकडेनं हलके ठोके घ्यायचे आणि भिजवलेलं फडकं टेकवायचं. चर्र करून वाफ उठते. निवताना ठिपका आकसतो आणि भोवतीचा ताणलेला पत्रा आपल्याकडे ओढून घेतो. दुसरी फुली, तिसरी फुली. मग मेस्त्री पायानं दाबतात आणि 'डब' येत नाही. पत्र्यातलं तीळभरही लोखंड कमी झालेलं नसतं. जास्त झालेलं अंग जिथल्या तिथं गोळा करून दिलेलं असतं.

हातोडीचं तोंड मेस्त्री रोज सकाळी घासून चकचकीत करतात. तोंडावर एक ओरखडा असला तर तो प्रत्येक ठोक्यात पत्र्यावर छापला जातो. पत्र्यामागं धरायची डॉली म्हणून आमच्याकडे रेल्वे रुळाचा तुकडा आहे, घासून गोल केलेला. बरोबर डॉलीवर ठोका बसला तर मधला पत्रा पातळ होतो आणि पसरतो. डॉलीच्या शेजारी बसला तर उंचवटा खाली जातो आणि डॉलीच्या दणक्यानं खड्डा वर येतो. ठोका तोच, जोर तोच. दोन बोटांच्या अंतरानं धातू उलट वागतो. हे पुस्तकात लिहिता येतं, मीही इथं लिहिलं, पण दोन बोटं म्हणजे नेमकी किती आणि ती कुठं, हे हातालाच कळावं लागतं. तिथं हाताशिवाय दुसरा मास्तर नाही.

पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत मी तांब्याचं मठारकाम बघायला बसलो होतो. तिथं उलट रीत दिसली. तांबं लाल करून निववलं की मऊ पडतं, ठोके घेता घेता कडक होत जातं, आणि कडक झालं की पुन्हा तापवावं लागतं. शेवटचे मठाराचे ठोके मात्र मुद्दाम न तापवता घेतात. ते नुसत्या नक्षीसाठी नसतात. त्या ठोक्यांनी भांड्याचं अंग ताठ होतं, पातळ पत्र्याचा हंडाही भरल्या पाण्याला दबत नाही. आमच्या लोखंडी काहिलीत कडकपणा नको असतो, त्यांच्या हंड्यात हवा असतो. पण दोन्ही ठिकाणी कारागीर हेच ठरवत असतो की धातूचं अंग कुठं ताणायचं, कुठं गोळा करायचं आणि कुठं हात आखडता घ्यायचा. हा शेवटचा निर्णय सगळ्यांत कठीण. स्क्रेपिंगमध्येही तेच. ठिपके पुरेसे आले की थांबायचं. आणखी एक फेरी मारून आणखी चांगलं करू, या हौसेनं बेडचं अंग फुकट जातं. जुन्या मशिनाला पुन्हा नवं करायचं नसतं. ते आणखी वीस वर्षं नीट चालेल एवढंच करायचं आणि त्याच्या पोटातला उरलेला धातू पुढच्या माणसासाठी शिल्लक ठेवायचा. मेस्त्री म्हणतात, "आपल्या नंतर बी कुणीतरी हे उघडणार हाय की. त्याला बी खरवडायला कायतरी ठेव."

या कामाला आता माणसं येत नाहीत, ही तक्रार आमच्या बोळात सगळेच करतात. मला ती अर्धवट वाटते. पोरं येत नाहीत, कारण आपण या कामाचा दर पाडून ठेवलाय. नवा पार्ट बसवला तर गिऱ्हाईक बिलाबद्दल बोलत नाही. तोच पार्ट दिवसभर बसून हातानं वाचवला, तर 'एवढे कशाचे?' म्हणतं. वेळ आणि अक्कल यांना बिलात रकाना नाही. मी माझ्याकडे तो घातलाय. बिलावर 'मेस्त्रींचे तास' असं स्पष्ट लिहितो आणि त्यात घासाघीस करत नाही. दोन-चार गिऱ्हाइकं गेली, बाकीची राहिली. आयटीआयमधून आलेला एक पोरगा गेल्या हंगामापासून मेस्त्रींच्या शेजारी बसतो. सीएनसीचा प्रोग्रॅम तो माझ्यापेक्षा चांगला लिहितो. त्याला मी स्क्रेपर दिला तेव्हा त्यानं विचारलं, "साहेब, याचा पुढं उपयोग काय?" मी म्हटलं, ज्या मशिनावर तू प्रोग्रॅम चालवतोस ते सरळ आहे की नाही हे ज्याला कळतं, त्याला कुणी कामावरून काढत नाही. हे मी त्याला बरं वाटावं म्हणून म्हटलं नाही. चुकीच्या जमिनीवर बसवलेलं कोट्यवधीचं मशीनही पिळतंच, आणि त्याच्या पडद्यावर ते दिसत नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी यंत्रं धुऊन-पुसून मांडतात. लेथला झेंडूचा हार, सॅडलवर नारळ, शेगड्याला हळदकुंकू, आणि मेस्त्रींच्या हातोड्या, स्क्रेपर, डॉली असं सगळं पाटावर ओळीनं. त्या दिवशी कुणीही अवजाराला कामासाठी हात लावत नाही. मला या पूजेचं मोल वाटतं, पण ते त्या एका दिवसापुरतं राहिलं तर वाईट वाटतं. हार घातलेला लेथ दिवाळीनंतर भंगारात गेल्याचं मी आजूबाजूला पाहिलंय. जागा विकायची होती, पोरगा पुण्याला नोकरीला होता, कारणं खरीच होती. पण भंगाराच्या काट्यावर लेथचं मोल किलोनं होतं, आणि त्यात त्याच्या बेडच्या सरळपणाचं वजन येत नाही.

म्हणून तुमच्या घरात, गावात, ओळखीत कुठं असं बंद वर्कशॉप असेल, तर एवढं करा. विकायचं असेल तर जरूर विका, पण किलोवर देण्याआधी एखाद्या जाणत्या मेस्त्र्याला बोलावून बेडवरून हात फिरवून घ्या आणि त्याची त्या वेळेची मजुरी द्या. मशीन मोडून ठेवू नका, शक्य असेल तर चालू करून दाखवा. चालू मशिनाला घेणारा मिळतो. स्टेडी, चकाच्या चाव्या, बदलायचे गिअर हे सगळं मशिनाबरोबरच ठेवा, वेगळं विकू नका. आणि १२७ दात्यांचा गिअर नक्की शोधा. बहुतेक वेळा तो कपाटाच्या मागं नाहीतर बाकाखाली तेलकट चिंध्यांत पडलेला असतो.